अर्ध्या दिवसाची माणसं

सकाळपासून घरात बाळ, बाळ आणि बाळ. बाळाच्या शर्टाला इस्त्री झाली का, बाळानं काही खाल्लं का, बाळाचा घसा बसलाय, त्याला गरम पाणी दिलं का. हा बाळ म्हणजे चाळिशी उलटलेला, कानाशेजारचे केस पिकलेला, सभेत तासभर बोलूनही न दमणारा गृहस्थ होता. पण आईच्या लेखी तो अजून दुपट्यातच होता. आणि आज तर विचारायलाच नको. पक्षाच्या अध्यक्षबाई स्वतः घरच्या खुर्च्यांच्या कारखान्यात येणार होत्या, पक्षाची रोजगाराची योजना तिथूनच जाहीर करणार होत्या, आणि हे सगळं बाळामुळे.

दादा आरशासमोर दाढी करत ऐकत होता. वडील, म्हणजे नाना, गेल्यापासून कारखाना तोच चालवत होता. सकाळी कुलूप तो उघडायचा, संध्याकाळी तोच लावायचा, मधल्या वेळात लाकूड, सरस, वेत, पॉलिश आणि माणसांची गाऱ्हाणी. वाटणीच्या वेळी बाळ म्हणाला होता, 'मला कारखाना नको, तो दादाचाच.' तेव्हा झाडून सगळ्या नातेवाइकांनी बाळाच्या मोठ्या मनाचं कौतुक केलं. कारखाना उरावर घेणाऱ्याचं कोणी केलं नाही. हे दादा विसरला नव्हता, आणि विसरण्याचा त्याचा विचारही नव्हता.

"अहो, तुम्ही काय घालणार आज?" थोरलीनं दारातून विचारलं.

"कारखान्यात जाताना रोज काय घालतो?"

"आज फोटो काढतील."

"माझे कशाला काढतील? फोटोत उभं राहायला बाळ आहे की."

थोरली आत आली आणि दार लोटून घेतलं. "धाकटीनं भाऊजींसाठी नवा कोट शिवलाय. मला म्हणते, वहिनी, साधाच आहे हो. साधा! त्याची बटणं बघा एकदा जाऊन. निवडणुकीचं तिकीट अजून मिळालं नाही तर हा थाटमाट. मिळालं की काय आपल्याला ओळख देणार आहे?"

या नवरा-बायकोचं एरवी भाजीत मीठ किती यावरही एकमत होत नसे. पण धाकट्या जोडीचा विषय निघाला की दोघांचा सूर असा जुळायचा की ऐकत राहावं. दादानं गालावरचा फेस पुसला आणि मुद्दाम रोजचाच, कोपरांवर पॉलिशचे डाग असलेला सदरा अंगात घातला.

बाई दुपारी येणार म्हणून जेवणं लवकर उरकायची होती. लांब टेबलाभोवती सगळे बसले. आई टेबलाच्या डोक्याशी, तिच्या उजव्या हाताला बाळ. धाकटी वाढत होती. कोट खुर्चीच्या पाठीवर नीट घडी करून ठेवला होता, आणि बटणं खरंच बघण्यासारखी होती. ताई आदल्या दिवशीच सासरहून आली होती. ही मधली बहीण जिथे जाईल तिथे ज्याच्या ताटाशेजारी बसेल त्याची बाजू घ्यायची. आज ती बाळाशेजारी बसली होती.

"नानांची खुर्ची कारखान्यात नेऊन ठेवलीये ना?" आईनं विचारलं. "बाई तिच्यावर बसतील. शेजारी बाळ."

"आणि मी?" दादानं विचारलं.

"तू काय, घरचाच आहेस."

आईनं हे इतक्या सहज म्हटलं की तिला त्यात काही लागण्यासारखं दिसलंच नाही. दादाचा घास तोंडातच फिरत राहिला. घरचाच. म्हणजे टेबल, कपाट, दारामागची केरसुणी, त्यातलाच एक.

ताईनं पक्षाची पुस्तिका उघडली होती. गुळगुळीत कागद, वर मोठ्या अक्षरांत 'हाताला काम, घराला आधार'. ती शाळेतल्यासारखी मोठ्यानं वाचायला लागली. "छोट्या कारखान्यांना कमी व्याजानं कर्ज. जो कारखाना नवीन माणूस घेईल, त्या माणसाचा अर्धा पगार पहिलं वर्षभर सरकार देईल. कारखाना वाढेल, माणसं वाढतील, बाजार वाढेल. अगं बाई, आणि हे बघ, आपला कारखाना!" तिनं पान सगळ्यांकडे वळवलं. "काय छान आलाय रे बाळ फोटो. अगदी मंत्रीच!"

फोटोत बाळ हाताची घडी घालून उभा होता. मागे कारखाना गच्च भरलेला. प्रत्येक बाकाशी दोन-दोन माणसं, पॉलिशच्या खोलीच्या दारापर्यंत डोकीच डोकी. खाली छापलं होतं, 'आमचा आदर्श: एकाच छपराखाली पाच वर्षांत दुप्पट माणसं.'

दादा त्या फोटोकडे बघत राहिला. तो कोणत्या वेळी काढलाय हे त्यानं बघताक्षणीच ओळखलं. आणि सकाळपासून साठलेलं सगळं झाकण उडवून बाहेर आलं.

"हा फोटो भर दुपारी काढलाय," तो म्हणाला.

"हो, बाराच्या सुमाराला," बाळ म्हणाला. "उजेड चांगला होता."

"उजेडाचं सोड. तू आजवर कारखान्यात आलास तो कधी? बारा वाजताच. सकाळी तुझी झोप होत नाही आणि दुपारनंतर तुझ्या बैठका असतात. तू येतोस तेव्हा सकाळवाले जायचे असतात आणि दुपारवाले आलेले असतात. नानांनीच लावून दिलंय, दोन्ही पाळ्यांनी डबे एकत्र खायचे म्हणून. तुला वाटलं, केवढा भरलाय कारखाना!"

 धाकटीच्या हातातला डाव तसाच राहिला.

"यंत्रावरच्या हलक्या खुर्च्या बाजारात आल्या आणि आपली मागणी आटली," दादा बोलत सुटला. "पण नानांचा नियम. माणूस काढायचा नाही, काम वाटून घ्यायचं. एका बाकावर सकाळी एक, दुपारी एक. वर कोणाचा मुलगा आला, कोणाची मुलगी आली, तर नाही म्हणायचं नाही, त्याच कामात त्यांना जागा करायची. म्हणून माणसं दुप्पट झाली. काम नाही झालं दुप्पट. माणसी काम निम्मं झालं! प्रत्येक जण अर्धा दिवस राबतो आणि अर्धा पगार घरी नेतो. आणि त्या अर्धपोटी माणसांपुढे हाताची घडी घालून तू फोटो काढलास. आदर्श म्हणे!"

एवढं बोलून झाल्यावर दादाला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं इतकं हलकं वाटलं. बाळाचा चेहरा पांढरा पडला होता. तो दादानं डोळे भरून पाहिला.

"पण तूच सांगितलं होतंस," बाळ हळू आवाजात म्हणाला. "मला सरचिटणीस केलं तेव्हा, इथेच जेवायला बसलो होतो. तू म्हणालास, माझ्याकडे पण माणसं दुप्पट झालीत. मी विचारलं, खरंच? तू म्हणालास, झकास चाललंय."

हे खरं होतं. त्या दिवशी सगळं घर बाळाच्या पाठीवर थापा मारत होतं, आणि दादाला आपल्याही पाठीवर एखादी हवी होती. माणसं दुप्पट झालीत हे काही खोटं नव्हतं. पुढचं वाक्य तेवढं त्यानं गिळलं होतं. बाळानं ते पहिलं वाक्य उचललं आणि थेट अध्यक्षबाईंपर्यंत नेलं.

"मोठ्या भावानं काय तुझ्यापुढे रडगाणं गायचं?" दादा म्हणाला.

"आजच काढायचं होतं का हे सगळं?" आई कडाडली. "त्याच्या आयुष्यातला एवढा मोठा दिवस! लहानपणापासून तुझं हेच. त्याच्या ताटात काही पडलं की तुझं जेवण बंद."

"आई, थांब," बाळ म्हणाला. तो पुस्तिकेचं पान उलटून परत परत तेच वाचत होता. "दादा, यात पैसे आहेत ते नवीन घेतलेल्या माणसाला. आहेत त्यांना काहीच नाही."

"मला वाचता येतं."

"मग काय असायला हवं होतं?"

त्याचा प्रश्न सरळ होता. दादाला मात्र त्यात कमिटीत बसणाऱ्याचा आवाज ऐकू आला. "कामं हवीत, कामं! शाळा, दवाखाने, कचेऱ्या, सगळे बाहेरून गाड्या भरभरून खुर्च्या आणतात. त्यातल्या निम्म्या जवळच्या कारखान्यांकडून घ्या म्हणावं. माणसं आमच्याकडे रगड आहेत. खुर्ची विकत घेणारा नाही. हे शेंबडं पोरही सांगेल. पण तुमच्या बैठकीत विचारतो कोण?" आणि मग, थांबता येत असूनही तो थांबला नाही. "आज मी बाईंसमोर सांगणार आहे हे. माईकवर. सगळ्यांच्या देखत."

धाकटीनं डाव ठेवला. "दादा, असं नका करू. तिकिटाचं आजच्या दिवसावर आहे. सगळ्यांसमोर यांची फजिती झाली तर पुन्हा कोणी उभं करणार नाही यांना."

"मग काय, माझ्या माणसांनी अर्ध्या पगारात टाळ्या वाजवायच्या?"

"दादाचं काही चूक नाही हं," ताई म्हणाली. बोलता बोलता तिनं भाजीचं भांडं दादाकडे सरकवलं आणि स्वतःही त्या बाजूला झुकली. थोरलीनं दादाच्या ताटात आणखी एक पोळी वाढली. टेबलाच्या दोन बाजू पडल्या होत्या आणि आज पहिल्यांदाच दादाची बाजू जड होती.

बाळ उठला. ताटात अर्ध्याहून जास्त जेवण तसंच होतं. "बाईंना आणायला जातो," तो म्हणाला. दाराशी थांबून त्यानं दादाकडे पाहिलं. "तू सांगच," म्हणाला आणि गेला.

"बघितलंस माज?" दादा थोरलीला म्हणाला.

---

कारखान्यात आज दोन्ही पाळ्यांना थांबवून घेतलं होतं. बाक पुसलेले, भुसा झाडलेला, अर्धवट झालेल्या खुर्च्या भिंतीशी ओळीनं लावलेल्या. नानांची खुर्ची मध्यावर ठेवली होती. वेताची बैठक, रुंद हात, आणि पाठ एवढी सरळ की तिच्यात बसून कोणालाच आळस देता येत नसे. फाटकाबाहेर पक्षाच्या पोरांनी भोंगे बांधले होते, म्हणजे रस्त्यावरच्यांनाही भाषण ऐकू जावं.

पॉलिशवाले काका दादाची वाट बघत उभे होते. नानांच्या हाताखाली आलेला हा माणूस, बोटांच्या पेरांपर्यंत लाखेचा रंग मुरलेला. त्यांनी दादाला लाकडाच्या थप्पीमागे बोलावलं.

"मालक, एक बोलू का? बाई येतायत. आमची काय त्यांच्यासमोर तोंड उघडायची हिंमत नाही. तुम्ही बोला आमच्यासाठी."

"काय बोलू?"

"तुम्हाला ठाऊकच आहे की. माझी मुलगी दुपारच्या पाळीत माझ्याच बाकावर बसते. बाप-लेक मिळून एका माणसाचा पगार घरी नेतो. नानांनी कोणाला काढलं नाही, तुम्हीही काढलं नाहीत, हे उपकारच आहेत. पण अर्ध्या दिवसावर घर किती दिवस चालवायचं? म्हणावं, नवी माणसं नकोत, आहेत त्यांना पूर्ण दिवसाचं काम द्या. एवढंच."

"आज सांगतो," दादा म्हणाला.

"शब्द?"

"शब्द."

काकांनी त्याचा हात दोन्ही हातांत धरला. मागे लाकूड कापायला बसलेली, रंधा मारणारी माणसं उगाच कामात असल्यासारखं दाखवत इकडेच बघत होती. काकांनी मान हलवली तशी ती पुन्हा खाली बघायला लागली.

दादाला माणसांची कळकळ नव्हती असं कोणी म्हणू नये. थंडीत स्वतःची शेगडी कारखान्यात आणणारा मालक होता तो. पण त्या घडीला त्याच्या डोळ्यांसमोर कोण होतं म्हणाल, तर काका नव्हते, त्यांची मुलगी नव्हती. बाळ होता. माईकवर सत्य बोललं जाताना बाळाचा चेहरा कसा होईल, बाई त्याच्याकडे कशा बघतील, आई कशी मान खाली घालेल, हेच तो पुन्हा पुन्हा मनात घोळवत होता. वाक्यंसुद्धा तयार होती. 'बाई, तुम्हाला चुकीची माहिती दिली गेली आहे.' दिली गेली आहे. कोणी दिली ते सांगायचं नाही. सगळे आपोआप बाळाकडे बघतील.

गाड्या आल्या. बाई बुटक्या, आवाज घोगरा, पायांत चालून चालून झिजलेले बूट. त्यांनी नानांच्या खुर्चीकडे पाहिलंही नाही. सरळ बाकांकडे गेल्या, खुर्चीचा एक न जोडलेला पाय उचलून त्याचा सांधा न्याहाळला, सरसाच्या भांड्यात डोकावल्या, काकांना काहीतरी विचारलं. काका हात मागे बांधून 'हो बाई, हो बाई' करत राहिले आणि मधूनच दादाकडे बघत राहिले. बाळ बाईंच्या दोन पावलं मागे होता. तोंड उतरलेलं. दादाला वाटलं, घाबरलाय. घाबरू दे.

आई, थोरली, धाकटी आणि ताई पुढच्या रांगेत बसल्या. बाईंनी माईक घेतला.

"मी भाषण लिहून आणलं होतं," त्या म्हणाल्या. "त्यात या तरुण सहकाऱ्याचं कौतुक होतं, त्याच्या घरच्या कारखान्याचं कौतुक होतं. पण गाडीत तो मला म्हणाला, बाई, यातलं माझं काही नाही. कारखाना माझ्या मोठ्या भावाचा आहे. मंदीत एकही माणूस न काढता त्यानं तो चालवला. तुम्ही त्याला बोलवा. तेव्हा मी त्यांनाच पुढे बोलावते. या, दादा. इथे बसा."

इथे म्हणजे नानांच्या खुर्चीत.

सगळा कारखाना वळून दादाकडे बघायला लागला. कोणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच. दादा पॉलिशचे डाग पडलेल्या सदऱ्यात तसाच पुढे गेला आणि बसला. नानांच्या नंतर त्या खुर्चीत कोणी बसलं नव्हतं. कॅमेरे चमकले. समोर आईनं ओठांवर हात ठेवला होता आणि तिचे डोळे भरले होते. ती बाळाकडे बघत नव्हती. दादाकडे बघत होती.

"आता मला एक सांगा," बाई त्याच्याकडे वळून म्हणाल्या. आवाज त्यांनी जरा खाली आणला. "आमची योजना तुम्ही वाचलीय. कारखाना तुम्ही चालवता. यात काही कमी आहे का? काय असायला हवं? मोकळेपणानं सांगा. छापलेलं असलं तरी जाहीर अजून व्हायचंय. मी इथल्या इथे बदलू शकते."

माईक दादाच्या हातात आला. तो अपेक्षेपेक्षा जड होता.

"बाई, खरं सांगायचं म्हणजे..." भोंग्यांतून स्वतःचा आवाज बाहेर रस्त्यावर गेलेला त्याला ऐकू आला. कसा भारदस्त वाटत होता. नानांसारखा.

तयार केलेलं वाक्य जिभेवर होतं. चुकीची माहिती दिली गेली आहे. पण आता ते कोणाविषयी बोलायचं? ज्या कारखान्यासाठी आत्ता टाळ्या पडल्या, तो अर्धा रिकामा आहे, हे सांगायचं? आईच्या डोळ्यांत आत्ताच तर पाणी आलंय, ते सुकवायचं? पन्नाशीला आल्यावर मिळालेली खुर्ची बूड टेकतं न टेकतं तोच सोडायची?

कारखान्याच्या कडेला, कमानीपाशी बाळ उभा होता. तो दादाकडे बघून मान हलवत होता. बोल, बोल. हातानंही खुणावत होता, सांग ना.

आणि तिथेच दादाचं डोकं फिरलं. वाटणीच्या वेळी यानंच म्हणायचं, कारखाना दादाचा. आज गाडीत यानंच सांगायचं, दादाला बोलवा. आणि आता बोल म्हणूनही यानंच परवानगी द्यायची? आपल्याला या जन्मात जे काही मिळायचं, ते या बाळाच्या हातूनच मिळायचं का?

"खरं सांगायचं म्हणजे, काही कमी नाही," दादा म्हणाला. "योजना उत्तम आहे. या कारखान्यानं वाईट दिवस पाहिले, पण माणसं वाढवली, हे तुम्ही बघताच आहात. इतरांनाही जमेल. आणि नुसतं बोलत नाही मी. ही योजना आली की पहिल्याच महिन्यात आणखी वीस माणसं घेतो. माझा शब्द आहे!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. पक्षाच्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. फाटकाबाहेरच्या रस्त्यावरूनही टाळ्या ऐकू आल्या.

बाईंनी एकदा बाळाकडे पाहिलं. मग दादाकडे पाहून हसल्या, पण ते हसू मघासारखं नव्हतं. "आभारी आहे," म्हणाल्या, आणि पुस्तिका उघडून छापलं होतं तसं, अक्षर न बदलता, वाचून दाखवलं.

---

गाड्या गेल्या तेव्हा कारखान्यात रिकाम्या कपांचा आणि पाऊलखुणांचा पसारा उरला. आई काठी टेकत दादापाशी आली. तिनं त्याच्या गालावरून हात फिरवला, जसा फक्त बाळाच्या गालावरून फिरायचा तसा.

"नाना असते तर धन्य झाले असते," ती म्हणाली. "मी उगीच बोलले तुला जेवताना."

 या एका गोष्टीसाठी तो किती वर्षं थांबला होता हे त्यालाही ठाऊक नव्हतं. ताई दादाचा हात धरून म्हणाली, मला तर पहिल्यापासून माहीत होतं.  थोरली मात्र दूर उभी राहून काकांकडे बघत होती.

काका भिंतीशी ठेवलेल्या खुर्च्या परत बाकांवर चढवत होते. दादा जवळ गेला तरी त्यांनी काम थांबवलं नाही.

"काका, चारचौघात तसं बोलणं बरं दिसलं नसतं. मी नंतर बाईंना पत्र..."

"हो मालक."

"तुम्ही रागावलात."

"राग कसला, मालक. शब्द तुमचा होता, तुम्ही बाईंना दिला. आम्हालाही दिला होता, तो राहिला." काकांनी एक खुर्ची उचलली आणि पाठ वळवली.

थोरली पुढे आली. सकाळी जिचा सूर इतका छान जुळत होता, ती हळू पण स्पष्ट आवाजात म्हणाली, "जेवताना ज्यांच्यासाठी घसा फोडलात, ते हेच होते ना? मला वाटलं होतं, तुम्ही खरंच यांच्यासाठी भांडताय."

 पाठीमागून बाळ आला. कोट नाही, पुस्तिका नाही, हात खिशात.

"का नाही सांगितलंस?" त्यानं विचारलं.

"तुला बरंच झालं ना? तुझं तिकीट वाचलं."

"दादा, मी बाईंना गाडीत सगळं सांगितलं. जेवताना तू म्हणालास ते सगळं, शब्द न् शब्द. अर्धा दिवस, अर्धा पगार, माझी चूक, सगळं. शाळा-दवाखान्यांच्या खरेदीचंही सांगितलं. म्हटलं, योजना बदला, पहिल्या पानावर हे घाला."

"मग?" दादानं विचारलं.

"त्या म्हणाल्या, तुझ्या भावाच्या तोंडून ऐकू दे. कारखाना चालवणाऱ्यानं सगळ्यांसमोर मागितलं, तर मला कमिटीला विचारायची गरज नाही, तिथल्या तिथे बदलते. म्हणून तर त्यांनी तुला विचारलं. मी खुणा करत होतो."

"तू स्वतः का नाही बोललास माईकवर? तुझा तर धंदाच आहे बोलायचा!"

"मी?" बाळ हसला, पण त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. "मी आयुष्यात एक तरी खुर्ची केलीय का? माझं कोण खरं मानणार? आणि तू समोर बसून काही कमी नाही म्हणाल्यावर मी काय म्हणू, माझा भाऊ खोटं बोलतोय?"

"आता पुन्हा सांग की त्यांना. उद्या जा. मीही येतो."

"गाडीत बसताना विचारलं मी. म्हणाल्या, कारखानदार म्हणतो पुरेसं आहे, आता कमिटीतले मला पुढे जाऊ देणार नाहीत. उद्या सगळीकडे तुझाच फोटो असेल."

आपण कधी खुर्ची केली नाही, हे बाळानं एकदा तरी कबूल करावं म्हणून दादा जन्मभर टपून बसला होता. आज ते त्यानं कबूल केलं, तेही सगळ्यांच्या देखत, मान खाली घालून. आणि दादाला ते ऐकवेना.

फाटकाची कडी वाजली. काका बघायला गेले आणि परत आले.

"मालक, बाहेर माणसं जमलीत. पुष्कळ आहेत. भोंग्यावर तुमचं ऐकून आलीत, वीस जणांत नंबर लागेल म्हणून. काहींनी आपली मुलंही आणलीत दाखवायला." काका दाराशी थांबले. "तुम्हालाच बोलवतायत. काय सांगू?"

दादानं बाळाकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याला मनापासून वाटलं की आपण मागे राहावं आणि बाळानं पुढे व्हावं.

बाळ जागचा हलला नाही.